पाणी ९८ ला उकळलं, मग वहीत १०० का लिहायचं?

प्रश्न असा आला आहे: "निफाडजवळच्या एका शाळेत नुकतीच रुजू झाले आहे. एकाच आवारात बालवाडीपासून बारावीपर्यंतचे वर्ग आहेत आणि विज्ञान विभाग माझ्याकडे सोपवला आहे. कोणत्या वयात काय आणि कसं शिकवावं? प्रयोगशाळा नावालाच आहे, सेमीच्या मुलांना इंग्रजी जड जातं आणि अकरावी-बारावीची मुलं क्लासमुळे कॉलेजात फिरकतच नाहीत. सुरुवात कुठून करू?"

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते. नोकरीचं तिसरं वर्ष असेल. सातवीच्या वर्गात पाण्याचा उत्कलनांक काढत होतो. स्पिरिटचा दिवा, तिवई, जाळी, चंचुपात्र, स्टँडला अडकवलेला थर्मामीटर. पाणी चांगलं खदखदायला लागलं आणि पारा ९८ च्या रेघेपाशी जाऊन थांबला. दहा मिनिटं झाली तरी हलेना. मुलांनी वहीत लिहिलं, ९८. मी घरी वह्या तपासताना लाल पेनाने ते खोडलं आणि सगळ्यांचं १०० केलं. दुसऱ्या दिवशी एक मुलगी वही घेऊन टेबलाशी आली. "मॅडम, मग थर्मामीटर बिघडलाय का?" मी म्हटलं, हो गं, जुना झालाय.

थर्मामीटर धडधाकट होता. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. वर जावं तसा हवेचा दाब कमी होतो आणि साधारण दर ३०० मीटरला पाणी एक अंश आधी उकळतं. म्हणजे मुलांचं ९८ बरोबर होतं. पुस्तकातलं १०० सुद्धा बरोबर होतं, पण ते समुद्रकाठचं. हे मला उमगलं तोवर ती मुलगी शाळा सोडून गेली होती. विज्ञानाच्या शिक्षिकेने एका मुलीला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस असं शिकवून पाठवलं, हे मनातून जात नाही.

पुढे ३० वर्षं शिकवताना एकच गोष्ट सगळ्या वर्गांत सांभाळली: जे दिसलं ते वहीत जाईल. पुस्तकातला आकडा शेजारी लिहायचा आणि मधला फरक हाच त्या दिवसाचा धडा. तुमच्याकडे बालवाडीपासून बारावीपर्यंत सगळं एकाच आवारात आहे, म्हणजे ही सवय एका मुलाला १४ वर्षं लावता येईल. आमच्यापैकी फार थोड्यांना अशी संधी मिळते.

आता बालवाडी. इथे विज्ञान 'शिकवू' नका. संज्ञा नको, कारणं तर नकोच. घमेल्यात पाणी घ्या, द्राक्षं आणा. तुमच्याकडे हंगामात द्राक्षांना काय तोटा! मुलांना आधी विचारा, बुडेल की तरंगेल? सगळी ओरडतील, तरंगेल! टाका. बुडतं. मग एका ग्लासात मूठभर मीठ विरघळवून त्यात तेच द्राक्ष टाका. वर येतं. एवढंच. आपली जीभ इथे शिवशिवते, 'बघा मुलांनो, मिठाच्या पाण्याची घनता...' ती आवरा. चार वर्षांच्या पोराला घनता कळत नाही, पण आपण म्हणालो ते खोटं ठरलं आणि मजा आली, हे पक्कं कळतं. पंधरा मिनिटं ती आपल्या मनाने काय काय टाकून बघतील. एकदा एकाने स्वतःचा बूट टाकला होता. तरंगला. त्यावर जी चर्चा झाली तशी मी नववीतही ऐकली नाही.

सोडावॉटरमध्ये बेदाणे टाकले की ते खाली-वर नाचतात, तेही करा. बुडबुडे चिकटले की बेदाणा वर येतो, वर फुटले की खाली जातो. मोठ्या गटातली मुलं हे आपणहून सांगतात, फक्त घाई करायची नाही.

पहिली ते पाचवी हे मोजायचं वय. परिसर अभ्यासाचं पुस्तक वाचून घेण्यात वर्ष जातं आणि मोजणं राहून जातं. मी दोन गोष्टी धरून ठेवल्या होत्या. एक, पाऊस. सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली वरून कापायची, कापलेला भाग उलटा करून नरसाळं म्हणून बसवायचा, बाहेरून पट्टी चिकटवायची, तळाच्या खोलगट भागात खडे भरून शून्याच्या रेघेपर्यंत पाणी घालायचं आणि मैदानात, झाडापासून लांब ठेवायची. रोज सकाळी पाळीवरचं मूल आकडा फळ्यावर लिहील. कुणाचे मामा इगतपुरीला असतात, कुणाची आत्या सिन्नरला. फोन करून तिकडचा पाऊस विचारायचा. इगतपुरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस, नाशिक शहरात ७०० च्या आसपास, सिन्नरला त्याहून कमी. एकाच जिल्ह्यात एवढा फरक का, हा प्रश्न मुलांकडूनच येतो आणि डोंगर आडवे येतात हे उत्तरही बहुतेक वेळा तीच देतात.

दुसरी गोष्ट सावली. मैदानात एक काठी सरळ रोवा आणि साडेअकरापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवा. "दुपारी बाराला सूर्य डोक्यावर येतो" हे मुलांना पाठ असतं, त्यामुळे बाराला सगळ्यात लहान सावली पडणार अशी पैज लागते. पडत नाही. सावली लहानच होत राहते आणि साडेबाराच्या आगेमागे कुठेतरी वळते. पुन्हा तेच, पुस्तकातले १२ आणि नाशिकचे साडेबारा! आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर, प्रयागराजच्या बाजूला लावलेलं आहे. नाशिक त्याच्या पश्चिमेला, पावणेचौऱ्याहत्तरच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे जवळपास ३५ मिनिटांचा उशीर. ऋतूप्रमाणे यात थोडं पुढे-मागे होतं, त्यामुळे फेब्रुवारीत आणि नोव्हेंबरात वेगळे आकडे येतात. चौथीला हे सगळं सांगू नका, खडे ठेवू द्या. ते कागद जपून ठेवा आणि तीच मुलं सहावीत अक्षांश-रेखांश शिकतील तेव्हा बाहेर काढा. मी एकदा असे कागद दोन वर्षं कपाटात ठेवले होते. स्वतःचं चौथीतलं अक्षर बघून मुलं जेवढी खूश झाली तेवढी रेखांशामुळे झाली नाहीत, पण धडा डोक्यात बसला.

शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भरदुपारी सरळ उभ्या काठीची सावली पडतच नाही तो, नाशिकला वर्षातून दोनदा येतो. २० मेच्या आसपास, तेव्हा शाळेला सुट्टी. २३ जुलैच्या आसपास, तेव्हा आभाळ भरलेलं. निसर्गाला शाळेचं वेळापत्रक कुणी दिलेलं नसतं. मे महिन्यातला दिवस घरी करायला सांगा, गल्लीतली सगळी पोरं बाटल्या उभ्या करून बसतात.

सहावी ते आठवी ही माझ्या मते सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात वाया जाणारी वर्षं. बोर्ड लांब असतं, मुलं अजून लाजत नाहीत, हात शिवशिवत असतात आणि आपण त्यांना रिकाम्या जागा भरायला लावतो. या वयात एक मोठी गोष्ट शिकवता येते: एकच बदला, बाकी सगळं तेच ठेवा. मटकीला मोड आणायचा प्रयोग घ्या. चार वाट्या, प्रत्येकीत वीस दाणे. एक वाटी उजेडात, एक अंधारात, एक फ्रिजमध्ये, एकीत मिठाचं पाणी. पहिल्या वर्षी गट हमखास गोंधळ घालतात. फ्रिजमधली वाटी अंधारातही असते हे कुणाच्या लक्षात येत नाही. लक्षात आणून देऊ नका. निकाल सांगायला उभे राहिले की दुसऱ्या गटातलं कुणीतरी बोट ठेवतंच, "थंडीमुळे की अंधारामुळे, तुला काय माहीत?" हा प्रश्न मुलाच्या तोंडून आला की त्या वर्षाचं निम्मं काम झालं समजा.

अंकुर वाढताना रोज एकाच जागेवरून मोबाइलने एक फोटो काढायला लावा आणि महिन्याने सगळे फोटो भराभर सरकवून दाखवा. आपल्या त्र्यंबकला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली वाटाण्याचं रोप वाढताना असंच टप्प्याटप्प्याने कॅमेऱ्यात टिपलं होतं आणि ते दाखवून पहिल्या चित्रपटासाठी भांडवल उभं केलं होतं. हे ऐकल्यावर मुलं फोटो चुकवत नाहीत.

एक प्रयोग मात्र कृपा करून बंद करा. ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वरून ग्लास पालथा. मेणबत्ती विझते, पाणी वर चढतं आणि आपण सांगतो की ऑक्सिजन संपला, म्हणून एक पंचमांश जागा पाण्याने घेतली. हे खरं नाही. ऑक्सिजन पूर्ण संपायच्या आधीच मेणबत्ती विझते आणि जळताना कार्बन डायऑक्साइड व वाफ तयार होतच असते. पाणी मुख्यतः चढतं ते ज्योतीने तापून पसरलेली हवा विझल्यावर गार होऊन आकसते म्हणून. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा, पाणी जास्त चढेल. ऑक्सिजन काय तिप्पट झाला? मी स्वतः हा प्रयोग दहा वर्षं चुकीचा शिकवला. हवेतला ऑक्सिजन मोजायचाच असेल तर परीक्षानळी आतून ओली करून त्यात लोखंडाचा कीस भुरभुरवा, पाण्यात पालथी उभी करा आणि चार-पाच दिवस विसरून जा. कीस गंजतो, पाणी हळूहळू वर येतं आणि साधारण पाचव्या हिश्शापाशी थांबतं. यात टाळ्या पडत नाहीत, पण उत्तर खरं असतं.

विज्ञान प्रदर्शनाबद्दल एकच सांगते, कारण त्यात फार जीव अडकवू नये. थर्माकोलचा ज्वालामुखी, सोडा आणि व्हिनेगर दरवर्षी येणारच. पण आपण खऱ्या ज्वालामुखीच्या लाव्हावर उभे आहोत आणि तो शंकूसारख्या डोंगरातून उसळलेला नव्हता. साडेसहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबच लांब भेगांतून लाव्हा पसरत गेला, थरावर थर बसले. पांडवलेण्याच्या टेकडीकडे किंवा चांदवडच्या डोंगरांकडे बघा, पायऱ्या दिसतात. ती लेणी त्याच बेसाल्टमध्ये कोरलेली आहेत. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात याच खडकाच्या पोकळ्यांत वाढलेले झिओलाइटचे स्फटिक आहेत. सहल वॉटर पार्कला न्यायच्या आधी एकदा तिकडे न्या.

नववी-दहावीत बोर्ड डोक्यावर बसतं. विज्ञानाचे ४० आणि ४० लेखी, २० प्रात्यक्षिकाचे. हे नाकारून चालत नाही, पालकही ऐकत नाहीत. पण निफाडसारख्या ठिकाणी दहावीचं अर्धं रसायनशास्त्र मुलांच्या मळ्यात पडलेलं आहे आणि ते आपण वापरत नाही, याचं मला नवल वाटतं.

विस्थापन अभिक्रियेचा धडा घ्या. मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, निळ्या द्रावणात लोखंडी खिळा, त्यावर तांब्याचा थर, वगैरे. मी फळ्यावर समीकरण लिहीत होते आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, हे आमचे दादा विळ्याने करतात." दादा म्हणजे वडील. वर्ग हसला. मी त्याला पुढे बोलावलं. त्याने सांगितलं ते असं: द्राक्षबागेवर फवारायला बोर्डो, म्हणजे बुरशी मारायचं मिश्रण, करायचा, एक टक्क्याचा असेल तर १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. मोरचूद प्लॅस्टिकच्या ड्रममध्येच भिजवायचं. चुन्याची निवळी वेगळी करायची आणि दोन्ही एकत्र करून ढवळायचं. मग विळ्याचं घासलेलं पातं त्यात थोडा वेळ बुडवून बाहेर काढायचं. पातं तांबूस दिसलं तर अजून चुना घालायचा, नाहीतर पानं जळतात. पातं स्वच्छ राहिलं की फवारणी सुरू.

मी खडू खाली ठेवला. त्याच्या दादांना समीकरण येत नव्हतं, पण तांबं मोकळं उरलं आहे की चुन्याने बांधलं गेलं आहे, हे लोखंडाला विचारायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. प्लॅस्टिकचाच ड्रम का, याचं उत्तर मग वर्गानेच दिलं. त्या वर्षी चाचणीत त्या प्रश्नाला कुणाचा गुण गेला नाही. दुसऱ्या आठवड्यात आम्ही चार ग्लासांत चुना कमी-जास्त करून तेच केलं, लिटमसही लावला. मोरचूद विषारी आहे, तेव्हा हातमोजे, वेगळी भांडी आणि नंतर साबणाने हात धुणं यात हयगय नको. उरलेलं मोरीत ओतायचं नाही.

प्रकाशाच्या अपवर्तनालाही तेच. द्राक्षं तोडणीला आली का बघायला बागायतदार काचेवर रसाचा थेंब टाकून डोळ्याला नळी लावतो आणि 'सोळा आलं', 'अठरा आलं' म्हणतो. तो रिफ्रॅक्टोमीटर. साखर वाढली की रसाचा अपवर्तनांक वाढतो, तो बघतो आहे ते ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं शेकडा प्रमाण. कुणाच्या तरी घरून एक दिवस मागून आणा. साध्या पाण्याला शून्य दाखवतो का, हे आधी तपासायला लावा. बाकी धडा पुस्तकातूनच घ्या, पण हा अर्धा तास द्या.

सेमीच्या मुलांचं. वर्गात इंग्रजीत वाचून दाखवणं म्हणजे सेमी नव्हे. आधी जे घडलं ते मुलाने त्याच्या घरच्या बोलीत सांगावं. कळवण-सटाण्याकडचं पोर अहिराणीत सांगेल, सुरगाण्याचं तिथल्या कोकणा आदिवासींच्या कोकणी बोलीत. सांगू द्या. मग मराठी शब्द, मग इंग्रजी संज्ञा आणि तिचं स्पेलिंग. क्रम उलटा केला की 'फोटोसिंथेसिस इज द प्रोसेस बाय व्हिच' घडाघडा येतं आणि झाडाचं लाकूड कशापासून बनलं विचारलं की "मातीपासून" हे उत्तर येतं. हवेपासून, असं सांगितलं तर दहावीचा मुलगाही हसतो. मराठीही निर्धोक नाही. आपण बोलताना ताकद, जोर, शक्ती, बळ सगळं एकच समजतो, पुस्तकात बल, ऊर्जा आणि शक्ती तीन वेगळ्या राशी आहेत. 'वजन ५० किलो' म्हणायचं आणि धड्यात वजन न्यूटनमध्ये मोजायचं. वीज गेली की 'लाईट गेली' म्हणायचं आणि भौतिकशास्त्रात लाईट म्हणजे प्रकाश! हा गोंधळ मुलांच्या मठ्ठपणाचा नसतो. असे शब्द जमा करून वर्गात एक तक्ता लावा, मुलंच भर घालतात.

अकरावी-बारावीबद्दल खरं सांगते, इथे तुमच्या हातात कमी आहे. सीईटी आणि नीटच्या मागे मुलं क्लासला असतात आणि कॉलेजात येतात ती प्रात्यक्षिकापुरती, ३० गुणांसाठी. तेव्हा सगळा जोर त्या प्रात्यक्षिकावर लावा. तिथेच सगळ्यात जास्त खोटेपणा चालतो. मागच्या वर्षीची जर्नल समोर ठेवून रीडिंग उतरवतात. साध्या लंबकाचं उदाहरण घ्या. एक मीटर दोरा, वीस आंदोलनांना साधारण ४० सेकंद लागतात. स्टॉपवॉच दाबताना अर्धा सेकंद चुकला, तरी जी च्या, म्हणजे गुरुत्व त्वरणाच्या, उत्तरात जवळपास पाव एकक फरक पडतो. म्हणजे ९.६ येणं, १०.० येणं अगदी साहजिक आहे. वर्गातल्या चाळीसही जर्नलमध्ये ९.८ आलं की समजायचं, लंबक कुणी हलवलाच नाही. आणि नाशिकचं अक्षांश आणि उंची धरली तर इथलं खरं मूल्य ९.७८ च्या आसपास येतं. मी पहिल्याच तासाला सांगून टाकायची की ९.८ लिहिणाऱ्याला चार प्रश्न जास्त विचारीन. मग आंदोलनं मोजली जायची, कोन लहान ठेवला जायचा, वीसऐवजी पन्नास घेतली तर चूक कमी होईल का, हे विचारलं जायचं. बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी एकदा ९.६ लिहिलेल्या मुलीचे गुण कापले. मी त्यांच्याशी वाद घातला आणि हरले. असंही होतं. मुलांना ते आधी सांगून ठेवा, म्हणजे निवड त्यांची राहते.

जीवशास्त्राला लासलगाव जवळ आहे. लाल कांद्याचं जांभळं पातळ साल पट्टीवर ठेवून मिठाचं पाणी सोडा, सूक्ष्मदर्शकाखाली रंगीत भाग भिंतीपासून सुटून आकसताना दिसतो. रंग लावायची गरजच पडत नाही. मग साधं पाणी सोडून तो परत फुगतो का ते बघायचं. संप्रेरकं शिकवताना द्राक्षाचे घड 'जीए'त बुडवतात ते जिबरेलिक आम्लच, हे मुलं तुम्हाला सांगतील. नाही सांगितलं तर तुम्ही विचारा, किती पीपीएमला (दहा लाख भागांत किती भाग) आणि कुठल्या अवस्थेत. घरी विचारून येतील आणि दोन बापांची दोन उत्तरं घेऊन येतील.

राहिला प्रश्न वेळेचा आणि कपाटाचा. आठवड्याला प्रत्येक वर्गाचा एक जोडतास मागून घ्या. ३५ मिनिटांत दिवा पेटवून पाणी उकळेपर्यंत घंटा होते. महिन्याला दोनच प्रयोग करा, पण पूर्ण करा. मोबाइलवर प्रयोगाचा व्हिडिओ दाखवणं हे फक्त धोक्याच्या किंवा महागड्या प्रयोगांपुरतं ठेवा.

कपाटाची किल्ली शिपाईकाकांकडे असते आणि काच फुटली की पगारातून कापतील या भीतीने ती कुणाला मिळत नाही. मुख्याध्यापकांकडून फूटतुटीची नोंदवही आधी लिहून घ्या, किल्ली आपोआप येईल. आत काय आहे ते बघा, नावं गेलेल्या बाटल्या बाजूला काढा, हुंगून ओळखायला जाऊ नका. आम्ल गळत असेल तर त्या खणाला हात लावू नका, माहितगार माणूस बोलवा. पारा असलेले जुने थर्मामीटर वर्गात नेऊ नका, लाल द्रवाचे, ११० अंशांपर्यंतचे घ्या. पहिला प्रयोग तोच करा, पाण्याचा. पण आधी थर्मामीटर बर्फाच्या चुऱ्यात आणि पाण्यात बुडवून शून्य दाखवतो का ते मुलांकडून तपासून घ्या, म्हणजे 'बिघडलाय का?' या प्रश्नाला तुमच्याकडे माझ्यापेक्षा बरं उत्तर असेल. कुणी कळसूबाईला जाणार असेल तर त्याच्याकडे तोच थर्मामीटर, छोटं पातेलं आणि स्टोव्ह द्या. १६४६ मीटर. साडेचौऱ्याण्णवच्या जवळपास यायला हवं, पण काय येतं ते त्यालाच लिहू द्या.

आणि थर्मामीटर घेताना दोन घ्या. एक पहिल्या महिन्यात फुटतोच.